खड्डा बघायला कोण जातं?

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीवर सुट्टीच्या दिवशी चांगलीच गर्दी होते. जिना उतरताना माहिती सांगणारा माणूस घोळक्याला एकेक गोष्ट दाखवत होता. भिंतीवरचे शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), वरचा महाल, मोटांच्या जागा. माना वर, मोबाईल वर, सगळं नेहमीचं. सहावी-सातवीतला एक मुलगा मध्येच म्हणाला, "काका, पण एवढा दगड आणला कुठनं?" सांगणारा जरा अडखळला. "इथनंच की रं," म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला. घोळका त्याच्यामागे गेला, मुलगाही गेला. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. वाईच्या घाटांवर, संगम माहुलीच्या देवळांत, अजिंक्यताऱ्याच्या तटाशी, साताऱ्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्याच्या जोत्यापाशी उभं राहून तो विचारता येतो. बांधलेलं सगळ्यांना दिसतं. ज्या जागेतून ते उपटून आणलं, ती जागा कुठल्याच फलकावर नसते.

विहिरीपुरता हिशोब मांडता येतो. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधली असं तिथल्या शिलालेखावरून सांगतात. व्यास ५० फूट आणि खोली ११० फूट अशी मापं सगळीकडे दिलेली असतात. महाल, जिना, जोडविहीर सगळं बाजूला ठेवून नुसता मुख्य घेर धरला (विहीर अष्टकोनी आहे, पण अंदाजाला गोल चालतो), तरी पोकळी होते २ लाख १५ हजार घनफुटांच्या आसपास. खडीवाल्यांच्या मापात (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) २,१५० ब्रास. त्यात खडक फोडला की ढिगात तो जवळजवळ दीडपट जागा घेतो. म्हणजे वर येऊन पडलेला ढीग ३,००० ब्रासच्या पुढचा. तीन ब्रासचा ट्रक धरला तर हजारावर खेपा, आणि हे सगळं त्या काळी पाट्यांनी, दोरांनी आणि बैलांनी वर आलं. परत आत किती गेलं? समजा, वरच्या ४० फुटांना तीन फूट जाडीचं बांधकाम केलं, तर त्याला २० हजार घनफूट दगड लागेल. काढलेल्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा कुठं गेला त्याचा अंदाज काठावर उभं राहून करता येतो. मोट ओढणारे बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव विहिरीच्या तोंडाशी उंच आणि पुढे उतरती असावी लागते. बारा मोटांच्या धावा करायच्या तर भराव हवा, आणि विहिरीतून निघालेल्या मुरुमाइतका जवळचा भराव दुसरा कुठला?

हिशोब जुळला, तरी "इथनंच" हे उत्तर निम्मंच बरोबर ठरतं. आपल्या भागात विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे मुरूम आणि कातळ यांच्यामधला मऊसर खडक, आणि त्याच्याखाली काळा खडक. माती आणि मुरूम बांधकामाला निरुपयोगी. मांजऱ्या पहारीनं निघतो, पण वर आणून ठेवला की दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा भुगा व्हायला लागतो. राहता राहिला काळा खडक. त्यात उभ्या-आडव्या फटी असतात, आणि विहिरीला जे पाणी लागतं ते याच फटींतून येतं. ज्या खडकाला भरपूर पाणी, त्या खडकातून मोठा चिरा निघत नाही. फटीपासून फटीपर्यंत जेवढा तुकडा सुटेल तेवढाच, म्हणजे डबर, फार तर खांडकी. पाठीमागच्या भरणाला, पायाला तो उत्तम. दारावरची सलग तुळई, शरभ कोरायची शिळा, कमानीचा मधला दगड यांना तेवढ्या लांबीत फट नसलेला सलग खडक लागतो. तो दुसरीकडून आणावा लागतो, आणि जिथून आणला तिथं खड्डा असणारच.

तो खड्डा शोधायचा कसा, हे दगड निवडणाऱ्याच्या नजरेनं बघितल्याशिवाय कळत नाही. सह्याद्रीचा हा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तयार झाला, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. पाथरवटाला त्यातलं एवढंच हवं असतं की प्रत्येक थराला वरचं अंग, पोट आणि तळ असतो. वरच्या अंगात वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिलेली, त्यात पांढरे-हिरवट खडे भरलेले. पोट घट्ट, काळंनिळं, एकसारखं. दोन थरांच्या मध्ये कधी कधी भाजल्यासारख्या तांबड्या मातीची रेघ असते. घाटातल्या कापलेल्या दरडीत ती लांबून दिसते. चिरा काढायचा तो पोटातून. पांढऱ्या खड्यांचा दगड टाकीला (छिन्नीला) मऊ लागतो, फटीही त्यात कमी, म्हणून डोंगर कोरून लेणी करायला तो बरा. पाट्याला मात्र चालत नाही. घासून घासून खडे निसटतात, तिथं खळगे पडतात आणि त्या खळग्यांत मिरची अडकते.

पोटाचा खडक मिळाला तरी लगेच घण उचलत नाहीत. आधी वरची माती काढून खडक धुवायचा आणि वाळू द्यायचा. सगळा खडक वाळतो तेव्हाही फटीची रेघ ओली राहते, आणि डोळ्याला एरवी न दिसणारी केसासारखी चीरही तेवढा वेळ स्पष्ट दिसते. पहिल्या पावसाची सर येऊन ऊन पडलं की हे काम फुकटात होतं. मग मारतुलाचा हलका ठोका. निकोप दगड खणखणीत वाजतो, आत चीर असली तर आवाज बद्द येतो. अनुभवी माणूस दोन ठोक्यांत दगड टाकून देतो आणि पुढे सरकतो. हा भाग बघायला कंटाळवाणा आहे, पण सगळा पैसा इथंच वाचतो. अर्धी घडाई झाल्यावर उघडी पडलेली चीर म्हणजे आठवड्याची मजुरी पाण्यात.

दगड ठरला की सूत धरून गेरूची रेघ मारतात आणि रेघेवर पाचरींसाठी खाचा घेतात. साधारण तीन बोटं लांब, बोटभर रुंद, तीन-चार बोटं खोल, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. खाचेच्या दोन्ही भिंती सरळ हव्यात आणि तळ पाचरीच्या टोकापेक्षा खोल. यात सगळी मेख आहे. पाचर तळाला टेकली तर तिचा जोर खाली जातो, ती नुसती उडते, आणि दगड ढिम्म राहतो. जोर दोन्ही बाजूंना जायला हवा. म्हणून पाचरीच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पट्ट्या घालतात, त्यावरून पाचर घसरत आत जाते. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीला एकेक ठोका, परत उलट. पहिल्या फेऱ्यांत ठोके हलकेच ठेवायचे. पाचर आवळत जाते तसा आवाज चढत जातो. तो सगळ्यांचा सारखा चढायला हवा. एखादीवर हात जड पडला तर चीर तिथून वाट सोडते आणि तिरकी जाऊन कोपरा तोडते. आवाज एका पट्टीत आला की थांबायचं. बिडी ओढायची, पाणी प्यायचं. दगड या वेळात स्वतःच काम करत असतो. बऱ्याचदा पुढचा ठोका मारायच्या आधीच एक बारीक "टक" ऐकू येते.

आणखी एक नियम सगळ्या खाणींत सारखा: दगड नेहमी निम्म्यात तोडायचा. चार हाताच्या ठोकळ्यातून कडेचा अर्धा हात काढायला गेलात तर चीर सरळ उतरत नाही, हलक्या बाजूला वळते आणि निमुळता तुकडा हातात येतो. दोन्ही बाजूंना सारखं वजन असेल तरच ती सरळ खाली जाते. म्हणून चाराचे दोन, दोनाचे एक. जुन्या खाणीत टाकून दिलेले तुकडे बघितले तर त्यातले कितीतरी असे एका बाजूला वळलेले निघतात.

खाचांच्या या रांगा म्हणजे खाणीचा शिक्का. खडक फुटल्यावर खाचेचा अर्धा भाग चिऱ्याबरोबर जातो, अर्धा मागच्या खडकावर राहतो. टाकीनं घडवताना चिऱ्यावरचा अर्धा पुसला जातो, खडकावरचा मात्र शेकडो वर्षं तसाच. डोंगरउतारावर, ओढ्याच्या काठाला, गडावरच्या तळ्याच्या कडेला अशी चौकोनी खाचांची ओळ दिसली की थांबावं. तिच्यासमोरची जागा रिकामी असेल तर तिथला दगड कुठंतरी भिंतीत आहे. कधी कधी ओळ पुरी घेतलेली असते आणि दगड फोडलेलाच नसतो. काम थांबलं, पैसा संपला, नाहीतर चीर सापडली. खाचेऐवजी गोल नळीसारखी अर्धी भोकं दिसली तर ती सुरुंगाची. त्यातही फरक कळतो. कॉम्प्रेसरवरच्या यंत्राचं भोक इंच-सव्वा इंचाचं, आखल्यासारखं सरळ असतं. हातानं पाडलेलं भोक तोंडाशी रुंद आणि किंचित तिकोनी. एक जण पहार धरून प्रत्येक ठोक्याला थोडी फिरवतो, बाकीचे घण घालतात. फिरवणाऱ्यानं कंटाळा केला की भोक तिकोनी होत जातं आणि पहार अडकून बसते.

पुढचं सगळं वजनाचं गणित. एक घनफूट काळा दगड ८० किलोच्या आसपास भरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा साधा चिरा १६० किलो. दोर आणि दांड्या घेऊन चार माणसं तो नेतात. चार फुटांची, दीड बाय दीडची तुळई ७०० किलोच्या वर जाते, ती माणसांच्या खांद्यावरून जात नाही. त्यासाठी गाडीवडारांच्या, म्हणजे गाड्यांवरून दगड वाहणाऱ्या वडारांच्या, बुटक्या, भरीव चाकांच्या गाड्या. आऱ्यांचं चाक अशा वजनाखाली मोडतं, आणि गाडी जमिनीजवळ असली की दगड उचलावा लागत नाही, पहारीनं लोटत वर घेता येतो. पहारीनं दगड उचलला की फटीत लगेच चीप (दगडाची पातळ कपची) सरकवायची, हात घालायचा नाही. पुन्हा उचलायचा, पुन्हा चीप. अशा रीतीनं टनभराचा दगडही दोन माणसं वीतभर वर घेतात. मात्र उतारावर गाडी आवरणं चढापेक्षा अवघड. म्हणून खाण शक्यतो बांधकामाच्या वरच्या अंगाला पण फार वर नको, आणि मध्ये ओढा नको. जुन्या देवळापासून खड्ड्याचा पत्ता काढायचा तर उलट्या दिशेनं हाच विचार करत जायचं. नदीकाठच्या घाटाला नदीच्याच उघड्या खडकाचा दगड सोयीचा. उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की काळा तळ दिसतो तिथं बघावं. काही खाचा पाण्याखालच्या गाळात कायमच्या बुजून गेल्या असतील, तो भाग सोडून द्यायचा.

घडाईचं वर्णन लोकांनी पुष्कळ केलंय, त्यामुळे दोनच गोष्टी. पहिली, चिऱ्याच्या चारी कडांना आधी बोटभर रुंदीची सरळ पट्टी काढतात आणि मगच मधला फुगवटा टाकीनं उतरवतात. कडेला टाकी मारताना तिचं तोंड नेहमी आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला मारली की कोर उडते आणि सगळा चिरा अर्ध्या इंचानं लहान करावा लागतो. दुसरी, चिऱ्याचा देखणेपणा पुढच्या चार-पाच बोटांपुरताच असतो. मागे तो निमुळता आणि ओबडधोबड ठेवतात. समोरून सांधा इतका घट्ट की नख जात नाही, आणि मागे हातभर पोकळी, त्यात चुना आणि चिपा. हे काम टाळल्यासारखं वाटतं, पण चुना धरतो तो याच ओबडधोबड अंगाला. टाकीचं म्हणाल तर काळ्या दगडावर ती दिवसातून कितीतरी वेळा बोथट होते, म्हणून प्रत्येक खाणीत भाता. टोक लाल करून ठोकायचं, नुसतं टोक पाण्यात बुडवायचं, दगडावर घासून उजळ करायचं आणि मागची उष्णता टोकाकडे येताना रंग बघायचा. पिवळसर झाला की पुन्हा पाण्यात. निळा होऊ दिला तर टाकी मऊ राहून वाकते. रंग यायच्या आधीच सगळी थंड केली तर काचेच्या टोकासारखी तुटते, आणि तो तुकडा डोळ्यात जातो. पाथरवटांच्या वस्तीत एका डोळ्यानं अधू माणूस दिसला तर कारण विचारावं लागत नाही. हाताच्या कामाचं कौतुक करताना हे विसरायला होतं.

आता गडावर.

अजिंक्यताऱ्याचा तट पायथ्याच्या दगडानं बांधायचा तर प्रत्येक चिरा चढ चढून न्यावा लागला असता. वर खडक असताना असं कोण करेल? मग दगड वरच काढायचा. काढला की खड्डा पडतो. गडावर दुसरी निकड पाण्याची. खड्डा कुठं घ्यायचा हे पाणी कुठून वाहत येतं ते बघून ठरवलं, की एकाच मजुरीत तटाचा दगडही निघतो आणि तळंही होतं. सह्याद्रीतल्या गडांवरची खडकात खोदलेली तळी आणि पाण्याची टाकी बहुतेक अशीच झालेली आहेत. सज्जनगडावर समाधीच्या वाटेनं जाताना लोक तळ्याला वळसा घालून, चूळ भरून पुढे जातात. आपण दगडाच्या खाणीच्या काठावर उभे आहोत हे कुणाच्या मनातही येत नाही. साताऱ्यात जुनी खाण शोधूनही सापडत नाही ती यामुळे. ती समोरच असते, पाण्यानं भरलेली. अशा तळ्याच्या तीन बाजू बघितल्या तर खडक पायऱ्यापायऱ्यांनी, चिऱ्याच्या उंचीच्या टप्प्यांत उतरलेला दिसतो. चौथी बाजू उताराची. दगड ओढून बाहेर काढायला एक बाजू उतरती ठेवावीच लागते. काम संपल्यावर तोच उतार घागर घेऊन उतरायची वाट होतो, त्यावर पायऱ्या बसतात.

अजिंक्यताऱ्यावर याच खडकानं एक वेगळं रूप दाखवलं. १७०० सालच्या वेढ्यात औरंगजेबाच्या फौजेनं मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग भरले. एका स्फोटात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, ही हकिकत साताऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या स्फोटात तट आत न पडता बाहेर, चढाईसाठी खाली गोळा झालेल्या फौजेवरच कोसळला. त्यात दैवाचा भाग असेल तो असो, खाणीत काम करणाऱ्याला यात फारसं नवल वाटू नये. स्फोटाला जिकडे मोकळी बाजू मिळते तिकडे दगड जातो. उतारावरच्या तटाची मोकळी बाजू बाहेरची. आत डोंगर आहे. खाणीत सुरुंग भरताना आधी हेच बघतात की दगड पडायला मोकळी बाजू कुठली आणि आपण कुठं उभे आहोत.

गडावरून खाली आलं की मागच्या दोन पिढ्यांत काय झालं तेही बघायला हवं. पाटा-वरवंटा आणि जातं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बायका आता क्वचित दिसतात. "टाकी लावायची का, टाकी" ही हाक ऐकून घराघरांतून पाटे बाहेर यायचे. अंगणात बसून ती बाई तासाभरात पाट्यावर माशाच्या खवल्यासारखी टाकी उमटवायची. जात्याला टाकी लावल्यावर पहिलं दळण माणसांना देत नसत, त्यात कच येते. आधी ओंजळभर भरडा दळून जनावरांपुढे टाकायचा, मग घरची ज्वारी. मिक्सर आला आणि हे गेलं, याबद्दल गहिवरून लिहायची पद्धत आहे. मला त्यात पडायचं नाही. खांद्यावर पाटा घेऊन उन्हात दहा गावं फिरणाऱ्या बाईला मिक्सरच्या काळात दुसरं बरं काम मिळालं असतं तर कुणालाच दुःख नसतं. ते मिळालं नाही, हा मुद्दा आहे. त्याच घरांतली पुढची पिढी क्रशरवर गेली.

क्रशरला दगडाचं पोट आणि वरचं अंग यात भेद करायची गरज पडत नाही. यंत्रानं ओळीत भोकं, स्फोट, पोकलेन, डंपर, आणि जबड्यात टाकला की पट्ट्यावरून ४० मिलिमीटर, २० मिलिमीटर, बारीक खडी, कच असं वेगळं होऊन येतं. नदीच्या वाळूवर बंधनं आल्यापासून क्रश सँडचाही वाटा वाढलाय. घट्ट काळा दगड आणि खड्यांचा फुसका दगड एकाच ढिगात गेला तर काँक्रीट कमी ताकदीचं होतं, म्हणून चांगला क्रशरवाला वरचा थर वेगळा काढून मुरमात घालतो. सगळे तसं करतातच असं नाही. आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका फार थोडी, त्यामुळे वालुकाश्माच्या खाणींतला सिलिकोसिस इथं त्या प्रमाणात होत नाही. पण धूळ ती धूळच, फुप्फुसाला तिचं नाव कळत नाही. पाण्याचे फवारे असले तर बरंच भागतं. फवारे चालू आहेत का ते शेजारच्या ऊसाच्या पानांवर कळतं. महामार्गावरून जाताना डोंगराचा तुकडा कापलेला दिसला की आपण हळहळतो. हळहळणारे आपण ज्या रस्त्यावरून, ज्या घरातून आलेलो असतो ते त्याच तुकड्याचं आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

बंद पडलेल्या नव्या खाणीतही पाणी साठतं. हिरवं, स्थिर, वरून सुंदर दिसणारं. पण तिच्या कडा स्फोटानं खिळखिळ्या झालेल्या असतात आणि तळ कुठं दहा फूट, कुठं चाळीस, हे वरून कळत नाही. डंपरची उताराची वाट पहिल्या दोन पावसांत वाहून जाते किंवा सामान काढताना उकरली जाते. मग चारही बाजू सरळ. उन्हाळ्यात पोहायला उतरलेलं पोर बाहेर यायला धरायला काही शोधतं, आणि हाताला गुळगुळीत खडक लागतो. गडावरच्या जुन्या खाणीत आणि या खाणीत दगड तोच, पाणी तेच. फरक चौथ्या बाजूचा. खाण बंद करताना एक बाजू उतरती करून पायऱ्या ठेवायच्या, कडेपासून आत कुंपण घालायचं, सैल दगड पाडून घ्यायचे. एवढं केलं तर कित्येक गावांना उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्याची सोय होईल. खर्च फार नाही. तो करायचा कुणी, एवढंच ठरत नाही.

तेव्हा लिंबला किंवा गडावर जाणार असाल तर थोडं वेगळं बघायला सुचवतो. ऊन तिरपं असताना जा, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर. दुपारी टाकीच्या रेघा दिसत नाहीत. आधी भिंतीपासून पाच पावलं मागे उभं राहून चिऱ्यांच्या थरांची उंची बघा. खालचे थर उंच आणि वर निमुळते होत गेले असतील तर दगड मोजून-मापून आणलाय. उंची मध्येच बदलली असेल तर खाणीतला थर बदलला, किंवा खाणच बदलली. एखाद्या चिऱ्यात पांढरे खडे दिसतील, शेजारच्यात एकही नसेल. ते दोन्ही एकाच थरातून आलेले असण्याची शक्यता कमीच. दाराच्या तुळईची लांबी पावलांनी मोजा आणि मग भोवतालच्या ओढ्यात, उतारावर तेवढा सलग खडक कुठं दिसतो का ते बघत गावाभोवती एक चक्कर मारा. गावातल्या जुन्या माणसाला "खाण कुठं होती" असं विचारून उपयोग नाही, कारण खाण म्हटलं की त्याला क्रशर आठवतो. "कातळातलं पाणी कुठं आहे" असं विचारा.

आणि बघता बघता सांध्यांकडेही लक्ष द्या. पुष्कळ ठिकाणी जुने दरजे सिमेंटनं भरलेले दिसतील, राखाडी रुंद पट्टे ओढल्यासारखे. दिसायला वाईट म्हणून ही तक्रार नाही. भिंतीच्या पोटात चुना आणि चिपा आहेत. त्यात वरून पाणी उतरतंच, आणि चुन्याच्या सांध्यातून ते हळूहळू बाहेर पडतं. सांधा सिमेंटनं बंद केला की पाणी आत अडकतं, आतला चुना धुपून खाली उतरतो, कुठूनतरी पांढरे ओघळ येतात, आणि काही वर्षांत भिंतीला पोट सुटतं. त्यावर उपाय म्हणजे चिऱ्यांवर आकडे घालून तो भाग उतरवायचा, आत चुन्यानं भरायचा आणि त्याच क्रमानं पुन्हा लावायचा. अशा कामात दहा-वीस चिरे फुटके निघतात आणि नवे मागवावे लागतात. नवा चिरा हल्ली यंत्रावर कापून येतो, सहाही बाजूंनी गुळगुळीत. समोरच्या बाजूला हातानं टाकी मारून घ्या, असं मागणीत सगळे लिहितात. मागची बाजू मात्र तशीच सपाट येते, तिला चुना धरत नाही, आणि तो चिरा भिंतीत नुसता टेकून उभा राहतो. मागणीच्या कागदावर आणखी एक ओळ घालावी लागते: मागचं अंग निमुळतं आणि ओबडधोबड ठेवणे.